मी स्लिम झाले तेव्हा

तुम्हाला सांगते, आयुष्यात मला ‘स्लिम’ फक्त एकाच बाईने म्हटलंय, आणि ती डच होती.

२०१४ साली नवऱ्याच्या नोकरीपायी मी पुण्यातली बँकेतली नोकरी सोडून नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला आले. भाषा येत नाही म्हणून काम मिळेना. वर्षभर घरी बसून चीज खाल्लं आणि आठ किलो वाढले. शेवटी डचच्या क्लासला नाव घातलं. परीक्षा पास झाले तरच नोकरीचं काही जमणार होतं.

एकदा मी फळ्यावर एक अवघड डच वाक्य बरोबर लिहिलं. आमच्या बाई खूश होऊन म्हणाल्या, “तू फार स्लिम आहेस.”

मी लाजले. म्हटलं, “नाही हो, काळा कुर्ता घातलाय म्हणून तसं वाटतं.”

“काळ्या कपड्यांनी माणूस स्लिम होतो?”

“दिसतो तरी. आमच्याकडे सगळ्या बायकांना माहीत आहे.”

शेजारच्या तुर्की बाईने ते वहीत लिहून घेतलं.

मग बाईंच्या लक्षात घोळ आला. डचमध्ये ‘स्लिम’ म्हणजे हुशार. इंग्रजांनी हा शब्द यांच्याकडूनच उचलला, आणि तिकडे जाऊन तो बारीक झाला.

“मग बारीक असेल तिला तुम्ही काय म्हणता?” मी विचारलं.

“स्लांक.”

“मी स्लांक आहे का?”

बाईंनी मला नीट न्याहाळलं. “नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या, “पण परीक्षेत ते विचारत नाहीत.”

मी इतकी हसले की खुर्चीतून उठता येईना. आणि परीक्षेत खरंच नाही विचारलं. पहिल्याच फटक्यात पास झाले.