शांताकाकू अन् बायांचं तिकीट

आमच्या शांताकाकूले त्या चावट पिक्चरवाल्या डायरेक्टरचं भलतंच याड होतं, गड्याहो. आणीबाणी उठली त्या साली त्याचा नवा पिक्चर मंगरूळपीरले लागला, तं काकू कामरगावच्या चार बायांले घेऊन यष्टीनं निघाली. मी संगं होतो.

टाकीजचा मॅनेजर म्हणे, "बाई, बायांले तिकीट नाही. लई वंगाळ बोलतात याच्यात."

"तुले कसं मालूम?"

"मी रोज पाह्यतो ना!"

बाया फिसकन हासल्या. मॅनेजर चिडला. "चांगल्या घरच्या बायांनं असं आयकू नाही."

काकू शांतपणे म्हणे, "बाबू, मले सहा लेकरं हायेत. ते का पोथी आयकून झाले?"

रांगेतल्या माणसाईनं शिट्ट्या मारल्या. मॅनेजरनं गुमान तिकिटं फाडले.