खिशात राहिलेलं बूच

एक्स-रेच्या खोलीबाहेर मास्तर आपला सुजलेला हात सांभाळत नंबरची वाट पाहत होते. शेजारी मांडीवर हेल्मेट घेतलेली बाई आणि तेलकट हातांचा एक मेकॅनिक बोलत बसले होते.

"ताई, शर्यतीत तुमच्या मुलाच्या पुढे जी मोटरसायकल होती ना, तिचा मी मेकॅनिक."

"बरं."

"शर्यतीच्या गाडीला इंजिनाखाली ट्रे असतो. तेल गळलंच तर त्यात साठावं, रस्त्यावर सांडू नये म्हणून. त्याला एक बूच असतं. पावसात पाणी निघून जायला ते काढायचं, पाऊस थांबला की परत लावायचं."

"मग?"

"सकाळी पाऊस होता, मी काढलं. दुपारी लख्ख ऊन पडलं, आणि हे बघा, खिशातच राहिलं. आमचं तेल गळलं, त्यावरून तुमचा मुलगा घसरला. काय वाटेल ते बोला मला."

"तुम्हाला काय बोलू? बोलायचं ते मघाशी त्यालाच बोलून बसले. म्हणत होता, आई, मी नाही चुकलो, चाकाखालचा रस्ताच सटकला. मी म्हटलं, खोटारड्या, सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुझा."

"ताई..."

"आत नेईपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडला होता."