जनरलला कापल्यावर

एउदोरो : कात्री दे, ओतिलिया. चार वाजता चौकातून मिरवणूक निघेल, आणि हुतात्म्यांच्या छायाचित्रांत माझा भाचा नसावा, हे मला मान्य नाही.

ओतिलिया : माझ्या लेकाचा एकच फोटो उरलाय, मास्तर. त्यालाही कात्री लावायची?

एउदोरो : आर्सेनियोला नव्हे, जनरलला. दोन्ही गोष्टींत मूलभूत भेद आहे. बाप्तिस्म्याच्या या चित्रात तीन व्यक्ती आहेत : बाळ, जनरल आणि मी. मधली व्यक्ती वगळली की...

ओतिलिया : की बाळ हवेत लोंबकळतं. नीट बघ. पोराच्या मानेखाली कुणाचा हात आहे? जनरलचा. त्याला कापलास तर डोकंही जाईल.

एउदोरो : दुसरा फोटो नाहीच का?

ओतिलिया : झडतीत सगळे नेले. हा एवढा भिंतीवर ठेवला. नुसता ठेवला नाही, त्या हवालदाराने समोर उभं राहून सलाम ठोकला! माझा पोरगा त्यांच्या गाडीत बसलेला, आणि इथे त्याच्याच फोटोला सलाम.

एउदोरो : ही विसंगती मी आजच्या भाषणात मांडणारच आहे. सुरुवात ऐक : ‘तीस वर्षांच्या त्या निबिड अंधारात...’

ओतिलिया : गेल्या वर्षी जनरलच्या वाढदिवसाला ‘तीस वर्षांच्या त्या दिव्य प्रकाशात’ होतं. बाकीचं तेच ठेवलंस की थोडे कष्ट घेतलेस?

एउदोरो : तेव्हा शाळा चालवायची होती. दाराशी ‘या घरी जनरलच मालक’ अशी पाटी प्रत्येकाच्याच होती. तुझ्याही.

ओतिलिया : होती. उसाच्या मळ्यावरचा रखवालदार देशाचा मालक झाला, तर आमच्या दाराचा का नाही? मिठाचा मक्ता भावाला, दुधाचा बायकोला, राजधानीला नाव स्वतःचं. शेंबूडही पुसता न येणाऱ्या पोराला कर्नल केलं, आणि त्या कर्नलसाहेबांसमोर तू अख्खी शाळा ताठ उभी केलीस.

एउदोरो : आणि आज? मे महिन्यात बाप रस्त्यावर गोळ्या खाऊन पडला, परवा पोरगा त्याची शवपेटी जहाजात घालून पळाला. राजधानी पुन्हा सांतो दोमिंगो झाली. इतिहासाने निकाल दिला, ओतिलिया!

ओतिलिया : इतिहासाला सवड होती. मला नव्हती. पोरांनी जनरलविरुद्धची पत्रकं वाटली, त्या दुपारी मी म्हटलं, आर्सेनियोला डोंगरात कॉफीच्या मळ्यावर आत्याकडे धाडू. तू काय म्हणालास?

एउदोरो : मी आपल्या रीतीवर विसंबलो. बाप्तिस्म्याला बाळ हातात धरतो त्या धर्मबापाचं नातं आपल्याकडे रक्ताहून थोर. दरोडेखोरसुद्धा स्वतःच्या धर्मपुत्राच्या अंगाला हात लावत नाही, हे तूही मानत होतीस.

ओतिलिया : दरोडेखोर नाही लावत. पण ज्याने रांगेत पोरं उभी करून, एकेकाला उचलून, फोटो काढून खाली ठेवलं, त्याला कुठला धर्मपुत्र ओळखू येणार? दर रविवारी नवी रांग. आणि तू गावभर सांगत सुटलास, आम्ही जनरलचे सोयरे!

एउदोरो : मी त्या हवालदारालाही तसं बजावून सांगितलं होतं.

ओतिलिया : सांगितलंस. खुर्ची दिलीस, कॉफी पाजलीस. तोही म्हणाला, काळजी नको, साहेब, तासाभरात पोहोचवतो. पोहोचवला कुठे, ते अजून कुणी सांगत नाही. पुरायला हाडूकही नाही मला. हा कागद आहे, आणि तू कात्री मागतोस.

एउदोरो : मग काय करावं म्हणतेस?

ओतिलिया : मीच नेते फोटो. अख्खा.

एउदोरो : जनरलचा चेहरा घेऊन चौकात? लोक दगड मारतील!

ओतिलिया : आधी विचारतील. सांगेन, हा माझा आर्सेनियो, आणि हा त्याला मारणारा. बघा कसा धरलाय, जपून.

एउदोरो : आणि शेजारी... टोपी काढून, कमरेत वाकून जो उभा आहे?

ओतिलिया : भाऊ माझा. दुसरं काय सांगू?

(एउदोरो हातातल्या भाषणाची घडी घालतो, आणखी एक घालतो.)

एउदोरो : समितीने माझं नाव वक्त्यांत घातलं आहे. हे चित्र अखंड दिसलं, तर मला व्यासपीठावर चढता येणार नाही. शाळाही जाईल कदाचित.

ओतिलिया : जाईल.

एउदोरो : तरीही नेणार?

ओतिलिया : काच पुसून देतोस? माझे हात तेलाचे आहेत.

एउदोरो : ...पुसली. ओतिलिया, मी... येऊ का बरोबर?

ओतिलिया : ये. त्या दिवशी दारातूनच हात हलवलास. आज निदान चौकापर्यंत चल.