दोन पायऱ्या

घरपट्टीच्या खिडकीपुढे कापडवाली चेलना रांगेत उभी होती. तिच्या पुढे कुंदाबाई होती आणि तिने बिल जाळीतून आत कारकुनाकडे सरकवलं होतं.

“भाऊ, मन्हं घर जमिनीवर शे. तुम्ही तळघर कसं लिखं?”

“अक्का, मोजणीवाले येऊन गेले. घर रस्त्यापेक्षा दीड फूट खाली आहे.”

“घर नही गयं खाले. रस्ता वर उना. जुना उखडतस नही, त्यावरच नवा थापतस. आतेपावत पाच येळ थापा. पहिले तीन पायऱ्या चढीसन घरमा जाऊत, आते तीन उतरीसन.”

“रस्त्याचं आमच्याकडे नाही. बांधकाम विभाग, दुसरा मजला.”

“तठूनच येस मी. त्या म्हनतस, खाले इचारा.”

“अहो, तळघराला दर निम्मा लागतो. फायदाच झालाय तुमचा.”

“खरं का?”

“मग! भरून मोकळ्या व्हा. फक्त तळघरात राहायची परवानगी नसते. तिथे सामानच ठेवता येतं. तशी नोटीस येईल, तेवढी सही करून घ्या.”

“नवरा गया त्याच घरमा. पोरी नांदाले गयात त्याच घरमाईन.”

“नियम आहे, अक्का. मी काय करू?”

“मंग एक करा, भाऊ. मले सामानमा लिखी ल्या.”

“चला, पुढचे कोण?”

चेलना पुढे सरकली. नव्या रस्त्यासाठी गल्लीभर फिरून सह्या तिनेच गोळा केल्या होत्या. कालपासून दारात खडी येऊन पडली होती.

तिच्या दुकानात चढायला पायऱ्या दोनच होत्या.