अनिकेतला न दिलेलं उत्तर

कुंदा काकू, श्रद्धा, सोसायटीतले सगळे, आणि अनिकेतच्या गेमच्या ग्रुपमधून कुठून कुठून आलेले तुम्ही सगळे.

मला बोलता येत नाही. म्हणजे चार लोकांसमोर उभं राहून बोलता येत नाही. अनिकेतच्या बहिणीने, श्रद्धाने, काल फोन केला, म्हणाली, "प्रसाददादा, तू बोल. तू त्याचा सगळ्यात जुना मित्र." मी म्हटलं, अगं मी नको. ती म्हणाली, "मग कोण?" म्हणून आलोय. कागदावर लिहून आणलंय, पण ते वाचणार नाही. जसं येईल तसं बोलतो. मधे थांबलो तर सांभाळून घ्या.

इथे बसलेल्यांपैकी अर्ध्या लोकांनी अनिकेतला कधी बघितलंच नाही, हे मला माहितीये. तुम्ही त्याचा आवाज ऐकलात, मेसेज वाचलेत, त्याच्या शिव्या खाल्ल्यात. म्हणून आधी सांगतो. मी आणि तो कळव्यात एकाच बाकावर बसायचो. सातवीत तो चालताना पडायला लागला. स्नायू हळूहळू निकामी होत जाण्याचा आजार. दहावीत खुर्ची आली. मग ह्याच सोसायटीत, बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये तो राहिला. खाली यायचं म्हणजे चार माणसं लागायची. चार माणसं रोज कुठून आणणार? वर्षातून तीनदा-चारदा यायचा खाली. बाकी सगळं त्या खिडकीतून.

आणि गेममधून.

काका-काकू लोकांनो, हसू नका, पण सांगायलाच हवं. त्याचा एक गेम होता. आम्ही त्याला नुसतं 'बेट' म्हणायचो. छोटी होडी असते, बेटं असतात, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचं, वाटेत वादळं लागतात. एवढंच. मारामारी जवळपास नाहीच. पहिला भाग आला तेव्हा त्याचे दोन्ही हात चालत होते. दुसरा भाग आला तेव्हा नाही. पण त्या दुसऱ्या भागात सेटिंगमध्ये एक सोय होती. दोन बटणांची. अख्खा गेम फक्त दोन बटणांवर खेळता यायचा. एक अंगठ्याने, एक बोटाने. त्या सोयीमुळे तो सहा वर्षं खेळला. सहा वर्षं, रोज. मी विचारलेलं एकदा, कंटाळा नाही येत रे? तर म्हणाला, "पश्या, तू रोज कळव्याहून ठाण्याला जातोस, तुला येतो का?" मी म्हटलं, येतो. "मला नाही येत," म्हणाला.

मग तिसऱ्या भागाची बातमी आली. आणि तुमचा ग्रुप पेटला. आठवतंय ना?

मोठी मोठी प्रदर्शनं असतात. कंपन्या तिथे नवीन गेम दाखवतात. पण सगळ्यांना नाही. एक बंद खोली. आत ठरावीक बोलावलेले लोक. त्यांना अर्धा तास दाखवायचं, आणि बाहेर येऊन त्यांनी लिहायचं. आणि ते लिहायचे काय? "अप्रतिम." "शब्दांत सांगता येणार नाही." अनिकेत ते वाचून दाखवायचा आणि वैतागायचा. "अरे सांगता येत नाही तर लिहिता कशाला?" तुम्ही लोक चिडलेलात की आम्हीच विकत घेणार आणि आम्हालाच दाखवत नाहीत. ट्रेलर द्या, व्हिडिओ द्या, काहीतरी द्या. बरोबरच होतं तुमचं. पण अनिकेतचा राग वेगळा होता. त्याला समुद्र कसा दिसतो हे बघायचंच नव्हतं. त्याला एकच गोष्ट हवी होती. दोन बटणांची सोय आहे का? त्या खोलीत गेलेल्या एकानेही ते विचारलं नाही. त्याने कंपनीला मेल केला. उत्तर आलं, योग्य वेळी माहिती देऊ. योग्य वेळी! तोवर त्याचं बोट थांबणार होतं का?

आता माझं काम. मी प्रदर्शनांचे स्टॉल उभारणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहे. प्लायवूडच्या भिंती, कार्पेट, लाइट, सगळं. तेच प्रदर्शन मुंबईत आलं आणि त्या बंद खोलीचं काम आमच्याकडे आलं. मी अन्याला सांगितलं. तो एवढा खूश झालेला! म्हणाला, "तुला आत जायला मिळालं तर समुद्र-बिमुद्र काही सांगू नकोस. सेटिंगचं पान दिसलं तर फक्त ते बघ."

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी आत एका भिंतीचा पॅनल सुटला. मला बोलावलं. फोन एका पिशवीत घालून सील केला, एका कागदावर सही घेतली. इथे जे बघाल ते बाहेर कुणाला सांगणार नाही. मी केली सही. पॅनल बसेना, आणि त्यांचे पाहुणे दारात आलेले. तिथली बाई म्हणाली, तुम्ही असेच धरून उभे राहा, पाहुण्यांना थांबवता येणार नाही. दार बंद झालं. अर्धा तास मी पाठीने भिंत धरून उभा होतो. बाहेर जाता येईना, हलता येईना. अख्खा गेम माझ्यासमोर. शेवटी दाखवणाऱ्याने उजेड कमी-जास्त करायला सेटिंग उघडलं. हातांच्या सोयीचं पान आलं. मी ते पान पूर्ण वाचलं. वरपासून खालपर्यंत. परत वरपासून खालपर्यंत.

दोन बटणांची सोय नव्हती.

त्या संध्याकाळी मी अन्याकडे गेलो. तिसरा मजला चढायला मला एवढा वेळ कधी लागला नव्हता. काकूंनी दार उघडलं, म्हणाल्या, "सकाळपासून तुझी वाट बघतोय." आत गेलो. तो म्हणाला, "सांग."

मी म्हटलं, "सही केलीये रे. सांगता येत नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं."

बरं. एवढंच. मी चहा पण घेतला नाही.

तुम्हाला वाटेल, बरोबर आहे, नोकरीचा प्रश्न. मी पण स्वतःला तेच सांगितलं. घरी बायकोला सांगितलं, आईला सांगितलं, कायद्याचं आहे गं, तोंड उघडता येत नाही. पण खरं तसं नव्हतं. ती सोय असती ना, तर मी त्या कागदाची पर्वा केली असती? तुम्हीच सांगा. मी खालच्या गेटवरूनच ओरडलो असतो. मी गप्प राहिलो कारण उत्तर 'नाही' होतं. आणि ते 'नाही' त्याच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती. कागद बरा सापडला मला. मी त्याच्या मागे जाऊन बसलो.

चार महिने. चार महिने मी त्याच्याकडे जाणं कमी केलं. रविवारी काहीतरी काम काढायचो. काकू एकदा भाजी मार्केटमध्ये भेटल्या, म्हणाल्या, "काय रे, भांडलात का?" मी म्हटलं, नाही हो काकू, कामं आहेत. काकू, तुम्ही तेव्हा माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी दिलीत, म्हणालात आईला दे. मला तिथून पळून जावंसं वाटलेलं. घरी गेलो तरी तेच, ऑफिसमध्ये तेच. कुठेही गेलो तरी पाठीला ती भिंत होतीच.

मग एका दुपारी काकूंना बँकेत जायचं होतं. त्यांनी मला बोलावलं, तासभर बस त्याच्याजवळ. मी गेलो. तो खेळत होता, दुसरा भाग. आणि खेळता खेळता कंट्रोलर हातातून घसरला. मी उचलून परत हातात ठेवला. परत घसरला. तर्जनीने बटण दाबलं जात नव्हतं आता नीट. मी तिसऱ्यांदा ठेवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अन्या, त्यात दोन बटणांचं नाहीये."

तो म्हणाला, "माहितीये."

"कसं काय?"

"असतं तर तू जिन्यातूनच बोंबलला असतास."

मला वाटलं, संपलं. सुटलो. मी म्हटलं, "तुला लागेल म्हणून नाही सांगितलं रे."

आणि मग तो चिडला. तुम्ही त्याला ग्रुपवर चिडलेलं ऐकलंय, पण असं नाही. त्याला मोठ्याने बोलता यायचं नाही तेव्हा. हळू बोलला, धापा टाकत. म्हणाला, "लागलं असतं तर लागलं असतं. आठ दिवस रडलो असतो. नवव्या दिवशी पत्र लिहिलं असतं. गेम अजून बनतोय, पश्या. बनतोय तोवरच बदलता येतो. चार महिने घालवलेस तू. माझ्याकडे किती बोटं उरलीत, बघ." मग थोडा थांबला. "कागदाला घाबरलास ते चालेल, नोकरी आहे तुझी. पण तू मला घाबरलास."

मी म्हटलं, सांग, लिहितो.

काकू परत आल्या तेव्हा आम्ही पत्र लिहायला बसलेलो. तो सांगत होता, मी टाइप करत होतो. माझं नाव कुठेही नको, हे त्यानेच सांगितलं. "आपण फक्त विचारायचं. विचारायला कुणाची सही लागत नाही." ते पत्र तुम्हाला माहितीये. तुमच्यापैकी काहीजण म्हणाले, ट्रेलर मागू, हे काय मागतोय हा? आणि मग आंबिवलीच्या ऋतुजाने लिहिलं, की मी एकाच हाताने खेळते, मी कधी ग्रुपवर बोलले नाही. त्यानंतर मात्र सगळ्यांनी सह्या केल्यात. सगळ्यांनी. मला आठवतंय, तो त्या सह्या एकेक करून वाचून घ्यायचा श्रद्धाकडून.

ह्या वेळी उत्तर आलं. त्या कंपनीत काम करणाऱ्या एका बाईचं, स्वतःच्या नावाने. तिने विचारलं, बोट किती हलतं, किती जोर लागतो, किती वेळ खेळता. आणि शक्य असेल तर हाताचा व्हिडिओ पाठवा. काकूंनी फोन धरला. त्याने अंगठा हलवला, मग तर्जनी हलवायचा प्रयत्न केला. व्हिडिओ झाल्यावर काकूंनी तो परत बघितला आणि म्हणाल्या, "एवढंसंच हलतं रे? मी रोज ह्याला भरवते, पण असं कधी बघितलं नव्हतं." त्यावर अन्या म्हणाला, "आई, एवढंसं पुरतं."

व्हिडिओ गेला. आणि त्याच आठवड्यात त्याला कफ झाला. चार माणसांनी त्याला खाली आणलं. त्यातला एक मी होतो. अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये. पुढचं तुम्हाला माहितीये.

परवा त्या गेमचा नमुना सगळ्यांसाठी खुला झाला. फुकट. कुणीही उतरवून घ्या, खेळा. मी आणि श्रद्धाने त्याच्याच खोलीत बसून उघडला. समुद्र खरंच सुंदर आहे. मी सेटिंग उघडलं. तेच पान. नाही अजून. पुढे येईल, न येईल, मला माहीत नाही. पण मी त्या पानाकडे बघत बसलो. ज्यासाठी मी चार महिने तोंड शिवून घेतलं, ते आता अख्ख्या जगाला दिसतंय. त्या कागदाची आता काही किंमत नाही. त्यामुळे आज इथे बोलतोय यात माझं काही धाडस नाही. आमचे साहेब मागे बसलेत, त्यांनाही ते माहितीये. हे बोलायची वेळ गेली. त्या चार महिन्यांतून मला आता कुणी बाहेर काढू शकत नाही. तो काढू शकला असता, तो नाही.

परवाच मी काकूंना सगळं सांगितलं. म्हटलं, काकू, माझं चुकलं. काकू म्हणाल्या, "त्या बाईला कळवलंस का? ती व्हिडिओ बघून काहीतरी करत असेल. तिला वाटत असेल हा वाट बघतोय."

मी कळवलं नव्हतं. सुचलंच नव्हतं.

काल लिहिलं. अनिकेत गेला म्हणून लिहिलं. प्रश्न अजून आहे म्हणून लिहिलं. ऋतुजाने तिच्या हाताचा व्हिडिओ दिला, तो जोडला. ह्या वेळी खाली माझं नाव घातलं, पूर्ण. उत्तर आलेलं नाही.

मला क्षमा नकोय कुणाची. काकूंनी दिली नाही आणि ते बरोबर आहे. एवढंच सांगायचं होतं, की तुमच्या घरी असा कुणी असेल, जो एकच प्रश्न विचारत असेल, आणि तुम्हाला उत्तर माहीत असेल, तर द्या. वाईट असलं तरी द्या. त्याचं काय करायचं ते तो बघेल.

आता दोन मिनिटं शांत राहू या. अशा वेळी उभं राहायला सांगतात. मी सांगणार नाही. आज इथे तिघं-चौघं खुर्चीवर आलेत, त्यांना कुणी उचलून ह्या हॉलचा जिना चढवलाय. सगळेच बसून राहू या. बसल्या बसल्या, अनिकेतसाठी.