रशीदभाईंचा फॉन्ट सर्व्हर

परवा कुणीतरी फोनवरच लग्नपत्रिका बनवून दाखवली आणि मला नगरचा रशीदभाईंचा छापखाना आठवला. मी तिथं ऑपरेटर होतो. लिनक्सवर चालणारे चार जुने कॉम्प्युटर होते आणि प्रत्येकावर फॉन्ट वेगळे.

एकदा खर्डा गावचे गायकवाड मामा मुलीची पत्रिका तपासायला आले. ते गवंडी होते. माझ्या मशीनवर दुसरं काम चालू होतं, म्हणून फाईल शेजारच्या मशीनवर उघडली, तर तिथं तो फॉन्ट नसल्यानं अक्षरांच्या जागी सगळीकडे नुसते चौकोन.

मामा हळूच म्हणाले, "ह्यात माझी लेक कुठं हाय?"

रशीदभाई खजील झाले. त्यांनी मामांना चहा दिला, सगळे फॉन्ट एका मशीनवर ठेवले आणि बाकीची तिन्ही तिथूनच फॉन्ट घेतील अशी सोय केली. त्याला फॉन्ट सर्व्हर म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. आता कुठल्याही पडद्यावर पत्रिका सारखीच दिसत होती.

मामांनी लेकीचं नाव दोनदा वाचलं. मग म्हणाले, "हिच्या आईचं नावबी एवढंच मोठं टाका. तिचं नाव आजवर कुठंच छापलं न्हाई."

रशीदभाईंनी मला खुर्चीवरून उठवलं आणि भागाबाईंचं नाव स्वतः टाईप केलं.