वाचता येणारा पत्ता

—नाही वहिनी, ते नंबर परत नाही लावणार मी, आधीच सांगून ठेवतो. तुला कुणी पढवून पाठवलंय? आमच्या मदत केंद्राच्या बाईंनी? घरी फोन केला होता का त्यांनी? नाही? मग वेबसाइटच्या पत्त्यांचं तुला एकदम काय पडलंय? बरं बरं, सहज विचारलंस. बस ना जरा. दारात उभी राहून विचारतेस, गॅसवर दूध ठेवून आल्यासारखी. आई झोपलीय, दादा संध्याकाळशिवाय दुकानातून हलत नाही. बस.

हे बघ, मी परदेशातून परत आलो तेव्हा केंद्राची साइट कशी होती, माहितीये? आत सगळं होतं – पेन्शन कशी मिळवायची, पाण्याची तक्रार कुठे करायची, दुकानाचा परवाना, सगळं. पण पत्ता कसा? साइटचं नाव, पुढे प्रश्नचिन्ह, मग पान बरोबर त्रेचाळीस, भाषा बरोबर एक, अमुक बरोबर तमुक. हा काय पत्ता झाला? कैद्याला नंबर देतात तसं. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला फोनवर कसं सांगायचं, आजोबा, प्रश्नचिन्ह दाबा म्हणून? तर मी सर्व्हरवर नियम लिहिले. आता बाहेरून पत्ता सरळ, आपल्या भाषेत – ज्येष्ठ, तिरकी रेघ, पेन्शन. वाचला की कळलंच पाहिजे आत काय आहे ते. आतल्या आत सर्व्हर अजून त्रेचाळीसच शोधतो बरं का, बिचाऱ्याला सवय आहे, पण ते त्याचं त्याला माहीत. जगाला दिसतात ते शब्द.

काय? जुना नंबर कुणी जपून ठेवला असेल तर? वा, प्रश्न हुशार आहे! नोकरी करतेस का आमच्याकडे? त्याचीही सोय केलीय. जुना पत्ता उघडला की सर्व्हर त्याला हाताला धरून नव्या पत्त्यावर नेतो, क्षणात. तुम्ही नंबर उघडा, वर शब्दच येणार. म्हणजे एकही माणूस जुन्या पत्त्यावर अडकून राहत नाही – सगळेच्या सगळे नव्यावर. कुणाची सुटका नाही!

हसली नाहीस. बरं.

बाई पण अशाच. म्हणे, काही पानं नंबरवरच राहू देत, काही गोष्टी झाकलेल्याच बऱ्या. मी म्हटलं, बाई, आयुष्यभर झाकझाक केली म्हणून तर ही वेळ आली ना आपल्यावर? तिकडे मी शिकलो ते हेच, की आधी गोष्टीचं नाव घ्या. आजाराचं नाव घ्या, कर्जाचं नाव घ्या, मारहाणीचं नाव घ्या. लाज ज्यानं केलं त्याला वाटू दे, जिनं सोसलं तिला का? बाई एवढंच म्हणाल्या, “तू उंटावरून शेळ्या हाकतोयस रे बाळा.” बाळा! तीन लोकांच्या मीटिंगमध्ये बाळा! मी पण हटलो नाही. त्या मारहाणीच्या पानाला तर मुद्दाम स्पष्ट नाव दिलं. कुटुंब, तिरकी रेघ, नवरा-मारत-असेल-तर. आहे ते आहे. आता ये, दाखवतोच तुला, किती सुंदर दिसतं – ये ना, आपलाच कॉम्प्युटर आहे, चावत नाही. हे बघ, साइटच्या नावाची दोनच अक्षरं टाकली की खाली आपोआप—

हे पान इथे कुणी उघडलं?

म्हणजे, मीच उघडलं असणार. तपासताना. नाही, मी तपासतो ते माझ्या लॅपटॉपवर, हॉलमधल्या याला मी हात पण लावत नाही. आणि एकदा नाही, बऱ्याचदा उघडलंय. आई? आईला हे सुरू करता येत नाही. मग दादानं कशाला—

वहिनी.

नाही, तू नको काही बोलू. नको बोलू. मी... एक मिनिट. तू जुना नंबर ठेवला होतास. तेच विचारत होतीस ना मघाशी. नंबर होता तोवर कुणाला काय कळणार होतं, कुठला नंबर म्हणजे काय. पेन्शनही नुसता नंबर आणि हेही... आणि एक दिवस तू नेहमीसारखं उघडलंस आणि वर हे शब्द. तुझ्या डोळ्यांसमोर. मी नेऊन ठेवलं तुला तिथे. हाताला धरून.

मी परत आल्यापासून बघतोय, आई मधूनच टीव्हीचा आवाज मोठा करते. रात्री जेवणं झाल्यावर. मी तिला म्हणायचो, आई, कान तपासून घे एकदा. ती म्हणायची, हो, घेते. मी तर डॉक्टरांची वेळ घ्यायला निघालो होतो, वहिनी. तिच्या कानांसाठी.

दादा? आपला दादा? ज्यानं मला सायकल शिकवली, ज्यानं स्वतः कॉलेज सोडलं आणि मला तिकडे पाठवलं – विमानतळावर रडला होता गं तो. सगळ्यांदेखत. असा माणूस... बरं. बरं. मी विचारत नाहीये तुला, खरं का म्हणून. तुझ्याकडे बघून कळतंय. मी बघितलंच नव्हतं, एवढंच.

थांब. पुसून टाकू हे आधी. ही यादी आख्खी पुसता येते, नियम पण आजच्या आज बदलतो, नंबर परत लावतो, बाईंची माफी मागतो, त्यानं नको बघायला कधी—

काल.

काल जेवण झाल्यावर तो इथेच बसला होता. या खुर्चीत. आमच्याच साइटवर दुकानाच्या परवान्याचं पान शोधत होता. मला हाक मारली. म्हणाला, “काय रे, हे खाली काय काय येतं आपोआप?” मी म्हटलं, दादा, याच्यावरून आधी उघडलेली पानं. म्हणाला, “कुणी उघडलेली?” मी म्हटलं, जो बसेल त्यानं. आणि मी – मला काय वाटलं, माहितीये? वाटलं, दादाला शेवटी माझ्या कामात रस वाटला. मी त्याला सगळी यादी उघडून दिली. कुठलं पान, कुठल्या दिवशी, किती वाजता. सगळ्या दुपारच्या वेळा. दुपारी तो दुकानात, मी केंद्रात. त्यानं सावकाश वाचलं. माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, “चांगलं काम केलंस. आता वाचता तरी येतं.”

मी त्या थापेवर झोपलो रात्री. खूश होऊन.

तुला काही बोलला? काहीच नाही? सकाळी पण नाही? डबा घेतला, गेला... गप्प असला की काय होतं, ते तुला माहीत, मला नाही. तू अशी उठू नकोस गं. बस. बरं, उभी राहा. रडू नकोस म्हणत नाही मी, रड. पण ऐक, त्या पानावर फोन नंबर आहे ना? मला सांगता येणार नाही, मी पत्ता लिहिला, पान वाचलंच नाही. शीर्षकं वाचली फक्त, सगळ्या पानांची. तुला पाठ आहे? पाठ आहे तुला?

ही त्याची गाडी. या वेळेला?

तू आत जा. कडी लाव आणि तो नंबर लाव. तो केंद्राचाच असणार, बाईच उचलतात, त्यांना माझं नाव सांग, म्हणावं आत्ता या, तो घरात आहे. आईला उठवू नकोस. नको, उठव. तिला टीव्ही लावू देऊ नकोस. जा, वहिनी, जा तू.

दार मी उघडतो.